काशीहून परतलेले आप्पा

सर गेल्याचं कळलं तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. फोनचा आवाज बंद करून तो पिशवीत ठेवला होता. बाहेर येऊन बघितलं तर इम्रानचे बरेच फोन येऊन गेलेले, आणि शेवटी एक ओळ... 'सर गेले. सकाळी. घरीच.' इम्रान आमच्या नाटकांची प्रकाशयोजना बघतो. एरवी त्याचं बोलणं एका ओळीत कधी संपत नाही. मी तिथंच पायरीवर बसले आणि आईला फोन लावला. आई शिलाईच्या कामावर होती, मागं मशिनी चालू होत्या. तिला आधी समजेचना. "कुटले सर? टीव्हीतले आप्पा? आगं, परवा दुपारी तर बगितले की त्यांना! सुनेला रागवत होते." जुनी मालिका दुपारी पुन्हा दाखवतात, सुट्टी असली की आई ती बघते. मी म्हटलं, "आई, ते जुनं आहे." तिनं आपली मशीन थांबवली. मग म्हणाली, "व्हय की... डोळ्यासमोर दिसतंय, त्यामुळं मानूस हाय असंच वाटतं बग."

सोलापुरात त्यांना सगळे आप्पाच म्हणायचे. मालिकेतलं ते नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. खरं नाव मल्लेशम गाजुल. आम्ही नाटकातली मुलं त्यांना सर म्हणायचो. त्यांच्याबरोबर उमेदीची वर्षं काढलेले लोक गावात आहेत, त्यांनी लिहिलं तर जास्त शोभेल. मी त्यांना ओळखलं ते फक्त शेवटच्या काही वर्षांत. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, आणि स्टेजवर उभी राहणारी तर सगळ्या भावकीत पहिली. असं काही छापून येण्यासाठी लिहायची मला सवय नाही. पण त्यांच्या शेवटच्या नाटकात मी त्यांची मुलगी झाले होते, म्हणून धीर करते आहे.

सरांचा जन्म सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला. घरात तेलुगू, शाळा मराठी, तीही सातवीपर्यंत. मग मागावर. टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यात त्यांनी तरुणपण घालवलं. ज्यांनी यंत्रमागाचा कारखाना आतून बघितला नसेल त्यांना सांगायला हवं, की तिथं माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. सूत इकडून तिकडं नेणाऱ्या धोट्यांच्या खडखडाटात शेजारच्या मागावरचा माणूस ओरडला तरी उपयोग नसतो. त्यामुळं तिथले लोक ओठांनी बोलतात. तोंड मोठं उघडायचं, शब्द सावकाश घडवायचा, जोडीला हात आणि भुवया. समोरचा तो शब्द डोळ्यांनी उचलतो. सर म्हणायचे, "मराठी मी कानानं शिकलोच नाही, अम्मा. डोळ्यानं शिकलो." सगळ्या मुलींना ते अम्मा म्हणत.

गणपती मंडळाच्या एका नाटकात हवालदार कमी पडला म्हणून त्यांना उभं केलं. दोनच वाक्यं होती. पण मागावरच्या सवयीनं तोंड एवढं उघडलं, की नाटक बसवणारे गृहस्थ कपाळाला हात लावून म्हणाले, "मल्लेशम, वाक्य बोलायचं असतं. तू चावतोयस!" हा किस्सा सर साभिनय सांगायचे आणि सगळ्यात आधी स्वतःच हसायचे. तेच गृहस्थ पुढं त्यांना दरवर्षी घेऊ लागले. कारण शेवटच्या रांगेतल्या माणसाला या हवालदाराचं वाक्य नुसतं ऐकू येत नव्हतं, दिसतही होतं. मग कामगारांच्या नाट्यस्पर्धा आल्या, गावोगावचे प्रयोग आले, अभिनयाची पदकं आली. मास्तर, पाटील, वकील, भटजी... सगळं केलं. एका नाटकात त्यांनी सदाशिव नावाचा कडक कीर्तनकार रंगवला, तो बघून, हा आपल्यातलाच असं समजून, एक आजोबा त्यांचं मूळ गाव विचारायला रंगपटात आले. सर तेव्हा राजमणी काकूंशी तेलुगूत बोलत होते. आजोबा न विचारताच परत गेले. काकू म्हणजे सरांची बायको. प्रत्येक नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला त्या हजर असायच्या, आणि नाटक कसं झालं हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. "मी सांगितलं तर ते मलाच करून दाखवतात, मग जेवण राहतं," एवढंच म्हणायच्या.

सरांनी चाळिशी ओलांडली आणि कारखाना बंद पडला. लग्न झालेली मुलगी भिवंडीत होती, तिच्याकडं राहून सर मुंबईत मालिकांची कामं शोधू लागले. सुरुवातीला हॉटेलमालक, शिपाई, मुलीचा मामा अशी कामं. एकदा तर नुसतं चादरीखालचं प्रेत. त्याबद्दल म्हणायचे, "चादर आपल्याकडचीच होती, म्हणून हो म्हटलं." आणि मग ती मालिका मिळाली. मोठं कुटुंब, कडक सासरा, मनानं मऊ. ते आप्पा घराघरांत गेले. टीव्हीचा कॅमेरा अगदी तोंडाजवळ येतो, तिथं चावून चालत नाही. पन्नाशीच्या जवळ त्यांनी ओठ लहान करायला शिकून घेतलं. आरशासमोर बसून कुजबुजत वाक्यं म्हणायचे, आणि नातू विचारायचा, आजोबा देवाशी बोलतायत का?

पण तोवर कान जायला लागले होते. मागावर एवढी वर्षं काढलेल्या माणसाचं हे ठरलेलंच असतं. समोरचा नट समोर असेपर्यंत सरांचं काही अडत नव्हतं, त्याचे ओठ वाचून ते बरोबर जागेवर बोलत. मालिकेच्या कामात मात्र पुष्कळदा समोरचा नट नसतोच. कॅमेऱ्याच्या मागं अंधारात कुणीतरी मदतनीस त्याची वाक्यं वाचतो, आणि आपण दिव्यांच्या झोतात डोळे रोखून उत्तर द्यायचं. त्या अंधारातले ओठ सरांना दिसत नव्हते. कानातलं मशीन लावलं तर ते शिट्टी मारायचं आणि ध्वनिमुद्रण करणारा चिडायचा. वाक्यं चुकू लागली, वेळ जाऊ लागला. कान गेलेत असं सरांनी कुणाला सांगितलं नाही. तिकडच्या लोकांना वाटलं, वय झालं, पाठांतर होत नाही. एके दिवशी गोष्टीत लिहून आलं, की आप्पा काशीयात्रेला निघाले. सगळ्या कुटुंबानं रडून निरोप दिला. आणि मालिका त्यानंतर कितीतरी दिवस चालली, पण आप्पा काही काशीहून परत आले नाहीत.

सर सोलापूरला परतले. मंडईत, रिक्षात, जिथं जातील तिथं लोक हेच विचारायचे. एक भाजीवाली तर त्यांची वाटच बघायची. "आप्पा, काशीस्नं कवा आलासा?" सर तिच्या तोंडाकडं बघत आणि गंभीरपणे सांगत, "अजून तिकडंच आहे गं. मेथी घ्यायला तेवढा आलोय." सगळे हसायचे. एकदा मी बरोबर होते, काकूही होत्या. काकू हसल्या नाहीत. नंतर मला म्हणाल्या, "येंदुकू, का म्हणून हसायचं? घरी आल्यावर रात्री जेवत नाही माणूस." सरांना अजून कामं यायची, लहानसहान. ते तब्येतीचं कारण सांगून नाही म्हणत. आत मात्र एकच होतं. एकदा रंगमंचावर उभं राहायचं, आख्खं नाटक एकही जागा न चुकता करायचं, आणि तेही कुणाला काही कळू न देता. काशीला पाठवलेला नट म्हणून त्यांना मरायचं नव्हतं. हे शब्द त्यांचेच आहेत, पण ते मला फार नंतर ऐकायला मिळाले.

आमच्या एकांकिकेच्या तालमीला त्यांना घेऊन आले प्रशांतदादा. दादा जुळे सोलापूर या वस्तीत राहतात, बँकेत नोकरी करतात आणि उरलेला सगळा वेळ नाटक करतात. पहिल्या दिवशी सर आम्हाला आवडले नाहीत. इम्राननं मागून मोठ्यानं "सलाम, आप्पा!" म्हटलं, त्यांनी मान वळवली नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या रेणुकानं पाणी हवं का विचारलं, ते भिंतीवरचा फळा वाचत राहिले. टीव्हीत काम केलं की माणसाला असं होतं, असं आम्ही आपसात बोललो. पण तालीम सुरू झाली आणि ते समोर खुर्ची ओढून बसले तेव्हा निराळेच वाटले. आमच्या तोंडावरची नजर ते हलू देत नव्हते. माझं वाक्य झाल्यावर म्हणाले, "तू शब्द अर्धा गिळतेस अम्मा. पूर्ण दे की. घरी न्यायचाय का?"

घरी जेवताना मी हे वडिलांना सांगितलं. माझे वडील मैंदर्गीकडचे, लग्नाआधी कामासाठी सोलापूरला आले ते अजून मागावरच आहेत. त्यांनी एकच विचारलं, "बोलताना तुज्या डोळ्याकडं बगत्यात का तोंडाकडं?" मी म्हटलं, तोंडाकडं. "मग झालं की. मागावरचा मानूस हाय. कान गेल्यात त्याचं. आमच्यात निम्मे तसंच हायत, त्यात काय." आणि ते भाकरी मोडू लागले. दुसऱ्या दिवसापासून मी सरांशी बोलताना आधी त्यांच्यासमोर जाऊ लागले. मी कुणाला काही बोलले नाही. सरांना तेच हवं असेल असं वाटलं.

पुढच्या वर्षी दादांनी दोन अंकी नाटक लिहिलं, वडील आणि मुलगी यांचं. वडिलांचं काम सरांनीच करावं असा हट्ट धरला. सरांनी बरेच दिवस टाळलं, मग एका संध्याकाळी तालमीच्या हॉलवर येऊन, कुणी काही विचारायच्या आत, पहिला प्रवेश पाठ म्हणून दाखवला. सगळ्यांची वाक्यं त्यांना पाठ होती. फक्त एक जागा अवघड होती. शेवटच्या प्रवेशात मुलगी मागच्या भिंतीतल्या खिडकीशी उभी आहे. बाहेर बघत, वडिलांकडं पाठ करून ती म्हणते, "बाबा, मी आता परत येणार नाही." वडील खुर्चीत, प्रेक्षकांकडं तोंड. ते म्हणतात, "दार उघडं ठेवतो." ही रचना दादांची फार लाडकी होती. मी एकदा भीत भीत म्हटलं, "मी वळून बोलले तर?" दादा म्हणाले, "शिवलीला, पाठीलाच अभिनय करू दे. सगळी मजा पाठीत आहे."

सरांनी यावर वाट शोधली होती. बोलायच्या आधी मी खिडकीचा गज धरायची. खुर्चीजवळच्या टेबलावर आरसा होता, त्यात त्यांना माझा तो हात दिसायचा. गज धरला की ते मनातल्या मनात माझं वाक्य म्हणत आणि मग स्वतःचं बोलत. तालमीत हे एवढं चोख जमायचं की मलाच शंका यायची, यांना ऐकू येतं की काय.

स्पर्धेच्या प्रयोगाला हॉल भरला होता. माझे आई-वडील आयुष्यात पहिल्यांदा नाटकाला आले होते, तिसऱ्या रांगेत, लग्नातले कपडे घालून. शेवटचा प्रवेश आला. मी गज धरला. आणि वाक्य येईना... विसरले नव्हते, पण मागं तिसऱ्या रांगेत माझे वडील बसलेत, एवढंच डोक्यात आलं. मी श्वास घेतला, आणि मागून सरांचा आवाज आला, "दार उघडं ठेवतो."

मी अजून काही बोललेच नव्हते. सगळं नाटक माझ्या त्या एका वाक्यावर उभं होतं. मला जे सुचलं ते मी ठरवून केलं असं म्हणवत नाही. मी खिडकी सोडली, चालत पुढं आले, त्यांच्या खुर्चीसमोर गुडघे टेकून बसले आणि त्यांच्या तोंडाकडं बघत म्हटलं, "बाबा, मी आता परत येणार नाही." त्यांच्या डोळ्यांत मला आधी भीती दिसली. काय झालं ते त्यांना कळलं होतं. मग ती निवळली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, अगदी हळू, ओठ जेमतेम हलवून. "दार उघडं ठेवतो."

पडदा पडल्यावर प्रशांतदादा रंगपटात लालेलाल होऊन आले. "खिडकी का सोडलीस? कुणी सांगितलं होतं?" तेवढ्यात एक अनोळखी बाई आत डोकावल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "मुलगी बोलायच्या आधीच बापाला कळतं, ही जागा फार सुंदर हं." त्या गेल्या. दादा पुन्हा माझ्याकडं वळले. मी खाली बघत होते. सर रंग पुसत होते, त्यांनी कापूस खाली ठेवला. "प्रशांत, तिला बोलू नको. ती बरोबर होती. मला ऐकायला येत नाही. बरीच वर्षं झाली. तिची पाठ होती, ती बोलली की नाही मला कळलं नाही." एवढी वर्षं जपलेलं त्यांनी असं बसल्या बसल्या सांगून टाकलं आणि आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडं बघू लागले. शेवटी इम्रान त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "सर, वो तो हमकू मालूम है. कबके."

रेणुका म्हणाली, "मला पण. माझे आजोबा तसेच आहेत." मग सामान लावणारा नागेश, मग पेटी वाजवणारे काका. सगळेच मागावरच्या घरांतले. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या एकट्यालाच कळलंय, म्हणून प्रत्येकजण गुपचूप त्यांच्यासमोर जाऊन बोलत होता. इम्रान तर त्यांना काही विचारायचं असलं की आधी दिवा स्वतःच्या तोंडावर घ्यायचा. सर एकेकाकडं बघत राहिले. "मग मी एवढी मेहनत कशाला केली रे?" ते म्हणाले, आणि हसता हसता त्यांना रडू आलं. दादा गोंधळून गेले होते. "मला कसं नाही कळलं? मला का नाही सांगितलं कुणी?" इम्रान म्हणाला, "दादा, तुम किसकी सुनते?"

आम्हाला त्या स्पर्धेत काही मिळालं नाही. पण दादा पुढच्या तालमीला आले ते खिडकी बदलूनच. "खिडकी आता प्रेक्षकांत आहे," ते म्हणाले. म्हणजे मी पुढं येऊन प्रेक्षकांकडं बघत बोलायचं, आणि सरांनी बाजूच्या खुर्चीतून माझे ओठ बघायचे. लाडकी पाठ त्यांनी एका वाक्यात सोडून दिली, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. असेच आम्ही कुर्डुवाडीला प्रयोग केला. हॉल रेल्वेच्या रुळांना लागून. सरांचं मोठं भाषण चालू असताना गाडीची शिट्टी झाली, अशी की आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. सर मात्र त्याच जोरात बोलत राहिले, आणि गाडी गेल्यावर शेवटचं वाक्य स्वच्छ ऐकू आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर कुणीतरी म्हणालं, गाडीपुढं काय टिकलात सर! सरांनी विचारलं, "कुठली गाडी?"

त्यानंतर ते कानातलं मशीन उघडपणे लावू लागले. मंडईतल्या भाजीवालीनं नेहमीचं विचारलं, "काशीस्नं कवा आलासा?" तेव्हा सर म्हणाले, "आलो की परवा. कुर्डुवाडीमार्गे." त्या दिवशी काकूही हसल्या.

पुढचं नाटक करायचं ठरलं होतं. वाचन व्हायचं होतं. त्याआधीच एका सकाळी चहाची वाट बघत खुर्चीत बसल्या बसल्या सर गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्रास फार झाला नसावा.

परवा मी काकूंकडं गेले होते. मुलगी भिवंडीला परतली होती, काकू एकट्याच होत्या. "कूर्चो, बस," म्हणून त्या चहा ठेवायला आत गेल्या. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यात नुसता एक पडदा आहे. आतलं पातेलं ठेवल्याचंसुद्धा बाहेर ऐकू येतं. मी भिंतीवरचे फोटो बघत बसले होते. पडदा बाजूला झाला. काकू हात पुसत बाहेर आल्या, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, मी वर बघेपर्यंत थांबल्या आणि मग विचारलं, "साखर किती?"

मी सांगितलं, एक चमचा. त्या आत गेल्या. थोड्या वेळानं पुन्हा पडदा हलला, पुन्हा त्या खोली ओलांडून आल्या, समोर उभ्या राहिल्या, थांबल्या. "आलं चालतं का?"

मी उठून उभी राहिले, तोंड त्यांच्याकडं केलं आणि सावकाश, सगळा शब्द देऊन म्हटलं, "चालतं, काकू."